संगीत सरकारजमा झालं तेव्हा

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी गेले दोन महिने रोज संध्याकाळी व्हायोलिनवर एकच तुकडा घोटते आहे. एका ठरावीक जागी ती अडखळते, थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ती जागा आता अख्ख्या इमारतीला पाठ झाली आहे. सुझुकी पद्धतीच्या पहिल्या पुस्तकातला हा शेवटचा धडा. रचना फ्राँस्वा-जोसेफ गोसेक याची, नाव 'गावोत'. गावोत म्हणजे जुन्या फ्रेंच नाचाचा एक प्रकार. मूळ तुकडा १७८६ च्या 'रोझीन' या ऑपेरातला. त्या ऑपेराच्या वाटेला आता कोणी जात नाही, पण त्यातला हा चिमुकला नाच जगभरची पोरं घासत असतात.

गोसेकची एवढीच ओळख उरावी याची मला गंमतही वाटते आणि वाईटही. शेतकऱ्याचा हा मुलगा १७३४ मध्ये, आज बेल्जियममध्ये असलेल्या एका खेड्यात जन्मला आणि १८२९ मध्ये पॅरिसलगतच्या पासीत वारला. पंच्याण्णव वर्षांचं आयुष्य. तरुणपणी तो पॅरिसला आला तेव्हा त्याला हात दिला रामोने, म्हणजे फ्रेंच दरबारी संगीताच्या शेवटच्या महापुरुषाने. तो गेला तेव्हा रोमँटिक संगीताचा बंडखोर रचनाकार बेर्लिओझ पंचवीस वर्षांचा होता आणि पुढच्याच वर्षी 'सिंफनी फाँतास्तिक' लिहून जुन्या घराच्या खिडक्या फोडणार होता. महसुलाचा इजारदार असलेल्या एका श्रीमंताच्या पदरी नोकरी, मग वर्गणीवर चालणाऱ्या मैफली, मग राजाची गायनशाळा, मग क्रांतीचे जाहीर सोहळे, मग सरकारी संगीतशाळेतलं निरीक्षकपद आणि शेवटी पेन्शन. संगीताला पोसणारा हात जितक्या वेळा बदलला, तितक्या वेळा गोसेकचा मालक बदलला. प्रबोधनकाळ आणि रोमँटिक काळ यांच्यामधला फ्रान्स समजून घ्यायचा तर या एका माणसाच्या मागे चालत गेलं तरी पुरतं.

हे सगळं आज काढायचं कारण एक जुनाच वाद. कलेला सरकारने पोसावं का? आपण मराठीत 'राजाश्रय गेला, लोकाश्रय आला' असं एका दमात म्हणून टाकतो, जणू राजाने हात काढला आणि लोकांनी लगेच पुढे केला. फ्रान्समध्ये या दोघांच्या मध्ये तिसरं कोणीतरी घुसलं : सरकार. त्याने संगीत अक्षरशः सरकारजमा केलं. पुढची चाळीस वर्षं तिथे जे घडलं ते पाहिलं की माझं मत असं होतं : सरकारने संगीतासाठी शाळा काढावी, कायदा करावा, सभागृह बांधावं, आणि चाल कोणती चांगली हे सांगायची वेळ आली की गप्प बसावं. हे बोलायला सोपं आहे. करणाऱ्याला किती अवघड जातं, ते फ्रान्समध्ये दिसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. क्रांतीने लोकांना संगीत दिलं, असं क्रांतीचे भक्त सांगतात. ते खरं नाही. तिकीट काढून ऐकणारा, आवडलं तर टाळ्या आणि नावडलं तर शिट्ट्या देणारा श्रोता पॅरिसमध्ये क्रांतीच्या साठ-पासष्ट वर्षं आधीच तयार झाला होता. राजाचा लाडका रचनाकार लुली याने १६७२ मध्ये ऑपेराचा मक्ता मिळवला, तेव्हापासून राजधानीत जाहीर संगीत करायचं तर ऑपेराला पैसे मोजावे लागत. या मक्त्यातूनही १७२५ मध्ये एक फट निघाली. सणावारी ऑपेरा बंद असे. त्या दिवसांत ऑपेराला रक्कम भरून त्युलरी राजवाड्याच्या दालनात मैफली करायच्या, असं 'कॉन्सेर स्पिरित्युएल'चं काम होतं. नाव धार्मिक, पण तिथे पुढे सिंफनी वाजल्या, परदेशी वादक आले आणि पॅरिसची चव घडली.

ही चव म्हणजे काय चीज होती, ते १८ जून १७७८ ला तिथे उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या एका मुलाने लिहून ठेवलंय. मोत्सार्टची नवी सिंफनी त्या दिवशी वाजली. सगळ्या वादकांनी एकदम गज ओढून दणक्यात सुरुवात करायची, याचा पॅरिसकरांना भारी अभिमान. मोत्सार्टने ऐकलं होतं की इथे शेवटचा भागही तसाच सुरू करतात. म्हणून त्याने मुद्दाम उलटं केलं. शेवटचा भाग फक्त व्हायोलिनवाल्यांकडून, अगदी हळू, आठ मात्राखंडांपुरता सुरू केला. अपेक्षेप्रमाणे श्रोते एकमेकांना 'शूऽ' करू लागले. आणि मग सगळा वाद्यवृंद एकदम तुटून पडला. दणका कानावर आदळताक्षणी टाळ्या सुरू! संगीत चालू असतानाच. मोत्सार्ट इतका खूश झाला की कार्यक्रम संपताच पाले-रोयालमध्ये जाऊन त्याने आइस्क्रीम खाल्लं, बोललेला जप पुरा केला आणि घरी गेला. बापाला हे सगळं कळवणारं पत्र ३ जुलैचं. त्याच रात्री, त्याच शहरात त्याची आई वारली होती. पत्रात त्याने ती फार आजारी आहे एवढंच लिहिलं.

मला त्या टाळ्यांमध्ये रस आहे. श्रोत्याला काय अपेक्षित आहे ते रचनाकाराला माहीत आहे, रचनाकार चकवणार हे श्रोत्याला आवडतं आहे, आणि दोघांच्या मध्ये ना राजा आहे ना बिशप. लोकाश्रय याहून वेगळा काय असतो? आणि वाद घालण्याची हौस म्हणाल, तर १७५२ मध्ये एका इटालियन मंडळीने पेर्गोलेझीचा छोटासा विनोदी ऑपेरा केला, त्यावरून पॅरिस दोन वर्षं भांडत होतं. फ्रेंच संगीत श्रेष्ठ की इटालियन, यावर एकामागून एक पत्रकं निघाली. ऑपेरागृहात राजाच्या सज्जाखाली एक गट आणि राणीच्या सज्जाखाली दुसरा. रूसोने तर फ्रेंचांना संगीत नाही आणि असूही शकत नाही, असा निकालच लावला. ऑपेराच्या वादकांनी चिडून त्याचा पुतळा फाशी दिला. गंमत अशी की याच रूसोने स्वतः फ्रेंचमध्ये रचलेला 'गावचा देवऋषी' हा छोटा ऑपेरा पुढे पाऊणशे वर्षं रंगमंचावर टिकला. माणसाचं मत आणि माणसाचं काम यांत एवढं अंतर क्वचितच पाहायला मिळतं.

आता दुसऱ्या बाजूचा गैरसमज. राजेरजवाडे होते तेव्हा कलावंताची कदर होती, हे हळवं वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. त्या काळच्या कदरीचा एक नमुना सांगतो. ग्वादलूपमध्ये एका गुलाम आईच्या पोटी जन्मलेला शव्हालिए द सें-जॉर्ज हा पॅरिसमधला नावाजलेला व्हायोलिनवादक, रचनाकार आणि त्याहून नावाजलेला पट्टेबाज. गोसेकने उभ्या केलेल्या वाद्यवृंदाची धुरा त्याने सांभाळली होती. पुढे हायडनकडून सहा सिंफनी मागवणाऱ्या मंडळींचा वाद्यवृंदही त्यानेच चालवला. एकेका सिंफनीला पंचवीस सोन्याचे लुई मोजणारी ही मंडळी. त्यांचे वादक निळे कोट घालून आणि कमरेला तलवार लावून वाजवायला बसत. १७७६ मध्ये ऑपेराच्या संचालकपदासाठी सें-जॉर्जचं नाव पुढे आलं, तेव्हा तिथल्या काही नामांकित गायिका-नर्तकींनी राणीकडे अर्ज केला : आमची अब्रू आणि सदसद्विवेक आम्हाला एका मिश्रवर्णी माणसाच्या हुकुमात राहू देत नाहीत. विषय तिथेच संपला. राजाश्रयात दाद मागायची ती राजाकडेच, आणि राजाच्या कानाशी कोण लागलेलं आहे यावर सगळं अवलंबून.

म्हणून १७८९ मध्ये जे कोसळलं त्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण कोसळताना आवाज कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यातही एक गाणं होतं. १ ऑक्टोबरला व्हर्सायमध्ये राजाच्या अंगरक्षकांनी मेजवानी केली आणि ग्रेत्रीच्या ऑपेरातलं 'हे रिशार, हे माझ्या राजा, सारं जग तुला सोडून चाललंय' हे गाणं म्हटलं. पॅरिसमध्ये पाव मिळत नव्हता. मेजवानीची बातमी पोचली आणि ५ तारखेला बाजारातल्या बाया व्हर्सायवर चालून गेल्या. पाच वर्षांपूर्वी हेच गाणं प्रेक्षक निव्वळ नाटकातलं म्हणून गुणगुणत होते. आता ते म्हणणं ही राजकीय कृती झाली. त्या दिवसानंतर फ्रान्समध्ये कुठलंच गाणं नुसतं गाणं राहिलं नाही.

नव्या राजवटीला हे लगेच कळलं. गाणं इतकं पेटवू शकतं, तर ते आपल्या ताब्यात हवं. १४ जुलै १७९० ला शाँ द मार्सच्या मैदानावर भर पावसात पहिला राष्ट्रीय मेळावा झाला, आणि संगीत होतं गोसेकचं. अफाट मैदानात, वाऱ्यात, व्हायोलिन ऐकू येत नाही. हा साधा भौतिक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर होतं फुंकून वाजवायची वाद्यं : क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रॉम्बोन, आणि जोडीला ढोल. बेर्नार सारेत नावाच्या तरुण अधिकाऱ्याने राष्ट्रीय रक्षकदलासाठी पंचेचाळीस वादकांचं पथक बांधलं होतं. स्वतः सारेत संगीतकार नव्हता. उत्तम कारभारी होता, आणि पुढे जे उभं राहिलं ते बरंचसं अशा कारभाऱ्याच्या चिवटपणातून. क्रांतीचा पुढारी मिराबो याच्या अंत्ययात्रेत गोसेकच्या शोकमार्चमध्ये टॅमटॅम, म्हणजे ठोकून वाजवायची मोठी चिनी काशाची थाळी, घुमली. युरोपच्या वाद्यवृंदात तोवर असा आवाज जवळजवळ कोणी ऐकला नव्हता. व्होल्टेरच्या अस्थी पँथिऑनमध्ये हलवल्या तेव्हा प्राचीन रोमच्या धर्तीवर वाकडी शिंगं खास घडवून घेतली.

या सोहळ्यांचा कळस ८ जून १७९४, क्रांतीचा तेव्हाचा सर्वेसर्वा रॉबेस्पिएर याचा 'परमतत्त्वाचा उत्सव'. आदल्या दिवसांत संगीतशाळेतल्या मंडळींना पॅरिसच्या सेक्शनांमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्डावॉर्डांत पाठवलं. काम एकच : लोकांना स्तोत्राची चाल शिकवा. मेयुल, केरुबिनी अशा नामवंत रचनाकारांच्या तोडीची माणसं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून भाजीवाल्यांकडून ओळी घोटून घेताहेत, हे चित्र मला फार आवडतं. त्यात खरा लोकशाही उमाळा आहे हे मी नाकारत नाही. पण त्याच उत्सवाच्या मुदपाकखान्यात डोकावा. गोसेकने चाल बांधली होती मारी-जोसेफ शेनिएच्या कवितेवर. कवी रॉबेस्पिएरच्या मर्जीतून उतरलेला. म्हणून ऐन वेळी शब्द बदलले. देझोर्ग नावाच्या दुसऱ्याच कवीचे शब्द त्याच चालीखाली सरकवले गेले. चाल तीच, स्तोत्र तेच आणि कवी गायब. सरकार संगीताचं यजमान झालं की गोष्टी अशा होतात. पन्नास दिवसांनी रॉबेस्पिएरचंच मुंडकं उडालं, आणि स्तोत्राची सद्दी तिथेच संपली.

क्रांतीच्या उत्सवांसाठी अशा रचनांचे ढीग झाले. त्यांतलं लोकांच्या तोंडी काय राहिलं? मेयुलचं 'शाँ द्यु देपार', म्हणजे 'प्रस्थानाचं गाणं', राहिलं. आणि 'मार्सेयेज'. ते तर कोणत्याही समितीने मागवलेलं नव्हतं. एप्रिल १७९२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या महापौराने घरी जेवायला आलेल्या अधिकाऱ्याला सुचवलं आणि रूजे द लील याने एका रात्रीत ते रचलं. क्रांतीने पुढे त्या महापौराला गिलोटिनवर चढवलं आणि रूजेला तुरुंगात टाकलं. गाणं मात्र राष्ट्रगीत केलं.

म्हणजे उत्सव फुकट गेले? इथे गोष्ट अनपेक्षित वळण घेते, आणि माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. उत्सवांना वादक लागत, वादकांना शिकवायला शाळा लागे. सारेतने आधी रक्षकदलाची फुकट संगीतशाळा काढली, १७९३ मध्ये तिची राष्ट्रीय संस्था झाली आणि ३ ऑगस्ट १७९५ च्या कायद्याने पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी जन्माला आली. एकशे पंधरा कलावंत, सहाशे विद्यार्थी, मुलगे आणि मुली दोन्ही, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांतून प्रमाणात निवडलेले, शिक्षण मोफत. सभागृहापुढे प्रस्ताव मांडला तो त्याच शेनिएने, ज्याचे शब्द वर्षापूर्वी पुसले गेले होते. निरीक्षकांच्या यादीत गोसेक होताच.

उत्सव चार-पाच वर्षांत ओसरले. ज्यांना दारूगोळा पुरवायला कारखाना काढला ती लढाईच संपली, पण कारखाना चालू राहिला. शिकवणाऱ्यांनी बसून प्रत्येक वाद्याची पद्धतशीर पुस्तकं लिहिली. व्हायोलिनचं पुस्तक बायो, रोद आणि क्रॉयत्सर या तिघांनी मिळून १८०३ मध्ये काढलं. उस्तादाच्या बोटांत कोंडलेली विद्या छापून विकायला आली. क्रॉयत्सरचे ४२ अभ्यासपाठ तर आजही व्हायोलिन शिकणाऱ्याची पाठ सोडत नाहीत. आमच्या वरच्या मुलीने चिकाटी धरली, तर चार-पाच वर्षांत तेही आम्हाला ऐकावे लागतील. (याच क्रॉयत्सरला बेटहोव्हनने आपला प्रसिद्ध सोनाटा अर्पण केला. त्याने तो जाहीरपणे कधी वाजवला नाही.) पियानोच्या वर्गात एलेन द माँझरू ही बाई मुलग्यांना शिकवायला प्राध्यापक म्हणून नेमली गेली. १७९५ साली.

शाळेइतकंच मोलाचं, पण कोणी गाणं न रचलेलं, असं दुसरं काम म्हणजे १९ जुलै १७९३ चा कायदा. लेखक आणि रचनाकार यांना आपल्या कृतीवर आयुष्यभर आणि वारसांना त्यानंतर दहा वर्षं हक्क. गिलोटिन चालू होती त्या काळात हा कायदा झाला. माझ्या मते शाँ द मार्सवरच्या सगळ्या शिंगांपेक्षा या कायद्याने संगीतकाराला जास्त मोकळं केलं. मालकाच्या पदरी नसलेला माणूस नुसत्या रचनांवर जगू शकेल, ही शक्यता पहिल्यांदा कागदावर आली. प्लेयेलसारखा हायडनचा शिष्य पॅरिसला येऊन संगीत छापायचं दुकान काढतो आणि पुढे पियानोचा कारखाना टाकतो, ते याच हवेत.

सरकारी कामाची स्तुती इथे थांबवतो, कारण बिल अजून यायचं आहे. कॉन्झर्व्हेटरी रिकाम्या जागेवर उभी राहिली नाही. क्रांतीने चर्चची मालमत्ता जप्त केली तेव्हा कॅथिड्रलांच्या गायनशाळाही बंद पडल्या. गावोगावच्या अशा शेकडो शाळांमध्ये गरिबाघरची पोरं खाऊनपिऊन राहत, गात, वाचायला-लिहायला शिकत. गोसेक स्वतः अँटवर्पच्या कॅथिड्रलमध्ये गायलेला. पुढे बेर्लिओझचा गुरू झालेला रचनाकार लस्युर तशाच शाळेत वाढून पुढे नोत्र-दामचा संगीतप्रमुख झालेला. मेयुलचा पहिला गुरू त्याच्या गावचा आंधळा ऑर्गनवादक. नव्या सरकारी शाळेचे खांब जुन्या चर्चच्या लाकडाचे होते, आणि नवं जंगल लावायच्या आधी जुनं तोडून झालं होतं. १८०२ मध्ये पैशाअभावी कॉन्झर्व्हेटरीतही कपात झाली. पॅरिसबाहेर तिच्या पहिल्या शाखा, लील आणि तुलूझ इथल्या, निघायला १८२६ उजाडलं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत आमियँच्या एखाद्या चांभाराच्या सुरेल पोराने जायचं कुठे? केंद्र सरकारने सगळं एका शहरात आणून ठेवण्याची ही खोड फ्रान्सला अजून सुटलेली नाही, आणि संस्था काढणाऱ्या कोणालाच सहसा सुटत नाही.

दुसरं बिल आवडीनिवडीचं. नेपोलियनने सत्ता हातात घेतली तशी संगीताची बाजू लष्करी शिस्तीत लावली. १७९१ मध्ये कोणाही नागरिकाला नाटकगृह काढायची मोकळीक मिळाली होती. १८०७ मध्ये त्याने पॅरिसची नाटकगृहं आठावर आणली. १८११ मध्ये छोट्या रंगमंचांनी ऑपेराला वर्गणी द्यायची, ही राजाच्या काळची पट्टी परत आली. लुलीचा मक्ता नव्या वेशात. आणि १८०३ पासून रचनाकारांसाठी रोमची शिष्यवृत्ती सुरू झाली.

या शिष्यवृत्तीची परीक्षा कशी चाले ते बेर्लिओझने आठवणींत तिखटमीठ लावून सांगितलं आहे, पण मीठ काढलं तरी पदार्थ तोच राहतो. उमेदवारांना एकेका खोलीत कोंडायचं. त्यांनी ठरलेल्या कवितेवर एकल गायन आणि पूर्ण वाद्यवृंदासाठी रचना लिहायची. मग ती रचना परीक्षकांपुढे वाजे एका पियानोवर! अंतिम मत द्यायला संगीतकारांबरोबर चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुविशारदही असत. १८२७ मध्ये बेर्लिओझच्या रचनेवर पियानोवाला अडला आणि रचना 'वाजवता न येण्याजोगी' ठरली. १८२८ मध्ये त्याला दुसरं बक्षीस मिळालं. १८२९ मध्ये पहिलं बक्षीस कोणालाच दिलं नाही, कारण द्यायचं तर त्यालाच द्यावं लागलं असतं आणि त्याचं संगीत परीक्षकांना पचत नव्हतं. १८३० मध्ये, पाचव्या खेपेला, त्याने स्वतःला आवर घालून लिहिलं आणि बक्षीस मिळवलं. ज्याच्या डोक्यात सगळं संगीत वाद्यांच्या रंगांतून येतं, त्याची परीक्षा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर. ही कोणा एका परीक्षकाची दुष्टाई नव्हती. समितीला जे मोजता येतं तेच ती मोजते.

कॉन्झर्व्हेटरीच्या दारावरही तेच. १८२३ मध्ये बारा वर्षांचा लिस्ट, पुढचा पियानोचा बादशहा, बापाचं बोट धरून तिथे आला. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, असा नियम होता. नियम सांगणारा संचालक होता केरुबिनी, जन्मगाव फ्लॉरेन्स.

मग याच सरकारी वास्तूत रोमँटिक संगीत आलं कसं? १८२८ मध्ये आबनेक या व्हायोलिनवादकाने कॉन्झर्व्हेटरीचे शिक्षक आणि तिथूनच शिकून बाहेर पडलेले वादक यांची एक मंडळी स्थापन केली. सभागृह सरकारचं, १८११ मध्ये बांधलेलं. कार्यक्रम काय करायचा ते वादक आपसांत ठरवणार आणि गल्ला आपसांत वाटून घेणार. ९ मार्चच्या पहिल्याच मैफलीत त्यांनी बेटहोव्हनची 'एरोइका' सिंफनी लावली. अशा रचना पेलणारा वाद्यवृंद तेव्हा युरोपात दुर्मीळ होता, कारण इथले बहुतेक वादक एकाच शाळेत, एकाच पुस्तकावरून, एकसारखा गज ओढायला शिकले होते. तेहतीस वर्षांच्या सरकारी खर्चाचं व्याज ते हे. म्हातारा लस्युर पाचवी सिंफनी ऐकून बाहेर आला तो इतका हादरलेला, की टोपी घालायला गेला तर त्याला आपलं डोकंच सापडेना. दुसऱ्या दिवशी सावरून शिष्याला, म्हणजे बेर्लिओझला म्हणाला, असलं संगीत करू नये. बेर्लिओझने उत्तर दिलं, काळजी करू नका सर, असलं फार होणार नाही.

मला हा संवाद फार जवळचा वाटतो. लस्युर क्रांतीच्या काळचा माणूस. त्याने आणि मेयुलने १८०० च्या राष्ट्रीय सोहळ्यांत अँव्हॅलीदच्या घुमटाखाली तीन-तीन, चार-चार वाद्यवृंद वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून संगीत केलं होतं. पुढे बेर्लिओझने आपल्या 'रेक्विएम'मध्ये चार कोपऱ्यांत चार पितळी ताफे उभे केले, ते कुठून आले हे सांगायला नको. मैदानावरच्या उत्सवाचा राजकीय अर्थ मेला, त्याचा आवाज मात्र गुरूकडून शिष्याकडे गेला. लस्युरला तो आवाज सोहळ्यासाठी चालत होता. शिष्याला तो एका माणसाच्या मनातलं वादळ सांगायला हवा होता. गुरूला ही भीती वाटली. त्याने शिष्याला अडवलं नाही, शिकवत राहिला. सरकारी शाळेकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, आवड सरकारवर सोडायची नाही तर बाजारावर सोडायची का? १८३१ पासून ऑपेरा खासगी व्यवस्थापकाच्या हाती गेला आणि त्याने 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरावर पैशाच्या राशी ओढल्या. त्यातही भपका होताच, आणि बाजाराने बेर्लिओझला काही पोटभर खायला घातलं नाही. वर्तमानपत्रांत परीक्षणं लिहून तो जगला. पण नीट पाहिलं तर आबनेकची मंडळी पुरती सरकारीही नव्हती आणि पुरती बाजारीही नव्हती. छप्पर एकाचं, निर्णय दुसऱ्याचा. हा बेत कोणी आखला नव्हता. मला वाटतं तो मुद्दाम आखायला हरकत नाही.

१८३० च्या जुलैमध्ये पुन्हा क्रांती झाली. बंडाचे दिवस सरल्यावर जखमींसाठी वर्गणी गोळा करायला काही जण रस्त्यावर गात होते. बेर्लिओझ त्यांच्यात सामील झाला. गर्दी इतकी वाढली की गाणारे गालेरी कोल्बेरच्या छत असलेल्या बोळात ढकलले गेले. तिथल्या एका दुकानदार बाईने त्यांना माडीवर घेतलं आणि खिडकीतून त्यांनी 'मार्सेयेज' सुरू केलं. खाली चार-पाच हजार माणसं, चिडीचूप. पहिलं कडवं झालं, धृपद आलं, तरी एकही आवाज नाही. दुसरं, तिसरं, तसंच. लोक मैफलीत बसल्यासारखे ऐकत होते. छत्तीस वर्षांपूर्वी यांच्याच आईबापांना रचनाकारांनी वॉर्डावॉर्डांत जाऊन गायला शिकवलं होतं. चौथ्या कडव्यानंतर बेर्लिओझला राहवलं नाही. खिडकीतून वाकून तो ओरडला, अरे देवा, गा ना! आणि काचेच्या छताखाली तो बोळ असा फुटला की तो सांगतो, मी जमिनीवर कोसळलो.